एका डॉल्फिनमागे सात होड्या

समुद्र बघायचा हट्ट माझा नव्हता, अक्काचा होता. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, भाऊंची, थोरली बहीण. तिला शिंदखेड्याकडच्या एका गावात दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती जळगावला आमच्याकडे आली ती कायमचीच. येताना तिने एक पत्र्याची पेटी, एक म्हैस आणि धुळ्याकडची आपली अहिराणी बोली बरोबर आणली. पेटी पलंगाखाली गेली, म्हैस मागच्या गोठ्यात बांधली गेली, पण बोलीला कुठे ठेवणार? ती घरभर ऐकू यायची. आमचं घर मेहरूणला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. शेती जामनेरच्या रस्त्याला, केळीची. भाऊ सकाळी दशमी बांधून सायकलने मळ्यात जायचे ते दिवेलागणीला परत. मधल्या सगळ्या दिवसावर अक्काचं राज्य. पहाटे दुधाच्या धारेचा आवाज, मग बादलीचा, मग तिचा. म्हशीशी बोलताना आणि माणसांशी बोलताना तिच्या आवाजात काही फरक पडत नसे. दोघांनाही ती सारख्याच मायेने दटावायची.

मला या बोलीची लाज वाटायची. उगाच लपवाछपवी कशाला करू? ती लाज मी जन्मासोबत आणली नव्हती, ती मला शाळेत मिळाली. मी चौथीत असताना एकदा वर्गात उभी राहून "बाई, माझी वही घरी शे," म्हणाले. अक्काच्या अंगाखांद्यावर वाढले होते, तोंडात तेच येणार. बाईंनी खडू खाली ठेवला. "शे? शे म्हणजे काय? वर्गात शेळी आली का?" चाळीस मुली हसल्या. मग बाईंनी मला "आहे, आहे, आहे" असं शंभर वेळा लिहायला लावलं, आणि ते लिहिताना माझे कान जे तापले ते आजही, साठी ओलांडल्यावर, ही ओळ लिहिताना तापले आहेत. त्या बाई काही वाईट नव्हत्या, असं लोक म्हणतात. पण नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या घरचं बोलणं म्हणजे जनावराचं ओरडणं आहे असं शिकवणारं माणूस चांगलं कसं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी मात्र हुशार मुलगी, धडा नीट शिकले. दहावीपर्यंत मी रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागले. मैत्रिणी घरी आल्या की पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे, म्हणजे अक्काचा आवाज बाहेर येऊ नये. अक्काने त्याबद्दल कधी विचारलं नाही. दार लोटलं की ती आणखी हळू बोलायची. हे तिला कळत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

डॉल्फिन आमच्या घरात शिरला तो बिबड्यांच्या दिवसांत. गच्चीवर ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचं पातेलं, ओले पंचे अंथरलेले, आणि त्यांवर आई नि अक्का गोल गोल पापड थापत होत्या. मी कॉलेजच्या वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक मोठ्याने वाचत बसले होते, कावळे हाकायच्या बोलीवर. त्यात आलं की डॉल्फिन हा मासा नाही, तो पिलाला जन्म देतो आणि दूध पाजतो.

अक्काचा हात थांबला. "दूध पाजस? पानीमा?"

"हो. आणि पिलू जन्मलं की आई त्याला खालून ढकलत वर आणते, पहिला श्वास घ्यायला."

"नही तं ते बुडी जाई," अक्का म्हणाली. आणि बराच वेळ हाताला लागलेलं पीठ तसंच वाळू देत ती बसून राहिली. मेहरूणमधल्या निम्म्या म्हशींची बाळंतपणं तिच्या हातची. अडलेलं रेडकू कसं फिरवायचं, नाकातला चिकटा कसा काढायचा, हे गुरांचे डॉक्टर तिला विचारत. पाण्याखाली एक आई हेच काम हातांशिवाय करते, याचं तिला इतकं नवल वाटलं की तिने ते पंधरा दिवस गल्लीभर सांगितलं. आणि एक दिवस भाऊंसमोर ताट सरकवत म्हणाली, "माले ती माय देखनी शे."

त्या वर्षी वादळवाऱ्याने आमच्या केळीला हात लावला नव्हता, म्हणून भाऊ हो म्हणाले. गावातला एकजण उन्हाळ्यात कोकणात बस नेत असे, त्या बसमध्ये आमच्या तीन जागा झाल्या. आई म्हशीसाठी मागे राहिली. अक्काने दोन दिवस आधीपासून दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि नवं लुगडं न घेता जुनंच धुऊन, चापूनचोपून घेतलं. "पानीमा नवं कसाले?" समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा बसमधले सगळे "अहाहा" करत होते. अक्का सरळ लाटेत गेली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थू करून थुंकली. "इतलं पानी, आनि प्याले नही!" ज्या बाईने उन्हाळा उन्हाळा दोन कोसांवरून हंडे वाहिले होते, तिला समुद्राचा राग आला. मला आता वाटतं, त्या बसमध्ये समुद्र खरा कुणी पाहिला असेल तर तो तिनेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'सागर सफर' होती. दिवसभराचा कार्यक्रम: आधी डॉल्फिन, मग पक्ष्यांचा खडक, दुपारी जेवण, नंतर पाण्यातला किल्ला, आणि बरोबर तिथलाच एक गाईड. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गावाचा दोष नव्हता. गाईड पस्तिशीचा असेल. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात बॅटरीवर चालणारा कर्णा. सकाळच्या शांत किनाऱ्यावर समोर दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसांशीही तो कर्ण्यातूनच बोलत होता. आमच्या बसमध्ये वाटेतल्या दुसऱ्या शहरातून चढलेली काही कुटुंबं होती, उन्हाच्या टोप्या नि कॅमेरे घेतलेली. त्यांना त्याने हात धरून होडीत पुढे बसवलं. आम्हाला म्हणाला, "खान्देशकर, तुम्ही मागे. केळीवाले वजनदार असतात, होडीचा तोल राहतो." सगळे हसले. भाऊसुद्धा हसले. मला भाऊंच्या त्या हसण्याचा सर्वांत जास्त राग आला, आणि तो दाखवायचा नसल्यामुळे मीही हसले.

मागे म्हणजे इंजिनच्या अंगावर. डिझेलचा वास, पायाखाली थरथर, आणि आमच्याजवळ सुकाणू धरून बसलेला एक वयस्क कोळी. उन्हाने रापलेला, गुडघ्यापर्यंत रुमाल नेसलेला. त्याने अक्काकडे पाहून थोडं सरकून जागा दिली. वाटेत गाईड सांगत होता की इथे शंभर टक्के डॉल्फिन दिसतातच, आणि दिसले की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आरडाओरडा करायचा, म्हणजे ते उड्या मारतात. "त्यांना माणसं फार आवडतात!" कर्ण्यातून आलं. मी पुस्तकात असं काही वाचलं नव्हतं. पण मी गप्प बसले.

अर्ध्या तासाने ती दिसली. आधी पाण्यावर एक काळसर पाठ, मग तिच्या अगदी लगतच दुसरी, हाताएवढी. मोठी वर आली की छोटी वर, मोठी खाली गेली की छोटी खाली. अक्काने माझं मनगट घट्ट धरलं. जे तिने गच्चीवर बसून मनात पाहिलं होतं, तेच पन्नास हातांवर पाण्यातून वर येत होतं. एवढंच पाहून आम्ही परतलो असतो तर मी आज हे प्रकरण लिहिलं नसतं.

गाईडने शिट्टी मारली. जवळपासच्या होड्यांवरही असेच गाईड होते, त्यांनीही शिट्ट्या मारल्या, आणि बघता बघता सात होड्या जमल्या. मी मोजल्या. पहिल्यांदा त्या मागून धावल्या, मग दोन पुढून आडव्या झाल्या, मग गोल धरला. ट्रॅक्टर फिरवून रानडुकराला उसात कोंडतात ना, तसा. सगळी इंजिनं एकदम चालू, पाणी फेसाळलेलं, धुराचा पट्टा. लोक उभे राहून ओरडत होते. कुणी स्टीलचा डबा होडीच्या काठावर बडवत होतं. मोठी पाठ एका बाजूला वर आली, छोटी दुसरीकडे. दोघींच्या मध्ये एक होडी होती. पिलू आता लवकर लवकर वर येत होतं. दर वेळी एक आखूड फुसकारा, आणि पुन्हा खाली. आई होडीला वळसा घालून यायची, तेवढ्यात दुसरी होडी आडवी. "वन्स मोअर!" पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

अक्का उभी राहिली. हलत्या होडीत, एका हाताने लुगडं आवळून. "हाई काय करी ऱ्हायनात रे? ती माय शे! तिन्हं पोर शे तठे! तिना मांगे काब्र लागनात? वाट द्या तिले!"

तिचा आवाज मोठा होता, गोठ्यात कमावलेला. इंजिनांवरूनही ऐकू गेला. सगळे मागे वळले. आधी क्षणभर कुणाला काही समजलं नाही, मग एका मुलीने "वाट द्या तिले" असं अक्काच्या सुरात म्हणून दाखवलं, आणि होडीभर हसू फुटलं. भाऊ तिचा पदर ओढत म्हणाले, "अक्का, बस बरं खाली. लोकं पाहून राह्यले." गाईड कर्णा घेऊन आमच्याकडे आला. त्याने अक्काकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. माझा पंजाबी ड्रेस, माझा चष्मा. त्याला वाटलं, ही आपल्यातली.

"ताई, काय म्हणतायत आजी?"

त्याला कळलं नव्हतं असं नाही. माय, पोर, वाट, यांतला कोणता शब्द मराठी माणसाला कळत नाही? त्याला फक्त माझ्याकडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. आणि मी ते दिलं. मी शुद्ध, स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाले, "काही नाही. त्यांना मळमळतंय."

"अरे, मग सांगायचं ना!" गाईडने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून अक्काच्या हातात कोंबली. "आजी, यात करा. होडीत नको." पुन्हा हशा.

अक्काने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मारलं असतं तर बरं झालं असतं अशी ती नजर नव्हती, ते सगळं पुस्तकात असतं. ती नुसती पाहत होती, एखादी अनोळखी बाई घरात शिरल्यावर पाहावं तसं. मग तिने पिशवी पायाखाली टाकली, माझ्याकडे पाठ केली आणि सुकाणूवरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "भाऊ, बंद कर ते."

त्याला अहिराणी येत नव्हती आणि अक्काने कोकण याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण दोघांच्यामध्ये कुणी दुभाषी लागला नाही. म्हाताऱ्याने एकदा गाईडकडे पाहिलं, वाकला आणि इंजिन बंद केलं.

आमची होडी ढिली पडली आणि लाटेबरोबर मागे सरकली. गोलात एक फट झाली. गाईड ओरडत होता, पुढचे लोक ओरडत होते. मला ते सगळं ऐकू येत होतं, पण त्याखालून आणखी एक आवाज आला, अगदी होडीच्या काठाशी. फुस्स. पिलू आमच्या उजव्या अंगाने गेलं, इतकं जवळून की त्याच्या पाठीवरचा एक पांढरा ओरखडा मला दिसला. मग बराच वेळ काही नाही. मग खूप लांब, होड्यांच्या पलीकडे, दोन पाठी एकदम वर आल्या. अक्का मटकन खाली बसली.

पुढचं सगळं हलकटपणाचं होतं आणि ते मी सविस्तर लिहिणार आहे, कारण अशी माणसं आपलं वागणं कुणी लिहून ठेवणार नाही या भरवशावर वागतात. किनाऱ्याला लागल्यावर गाईडने सगळ्यांसमोर जाहीर केलं की एका आजींची तब्येत बरी नसल्यामुळे डॉल्फिनचा कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला, आणि त्या पुढच्या होडीत येणार नाहीत. भाऊ पुढे होऊन म्हणाले, "नाही, नाही, आमची काही हरकत नाही, सगळ्यांना त्रास झाला, माफ करा." म्हणजे आम्ही माफी मागितली! आम्ही! म्हाताऱ्या कोळ्याला त्याने शिव्या दिल्या, त्याही आयांवरून. बाकीचे लोक पक्षी बघायला निघून गेले. जेवणाची पाकिटं आली तेव्हा आमच्या तिघांची नव्हती. अक्काने दशम्या सोडल्या, भाऊंना दिली, मलाही दिली. माझ्या हातात ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी तो कोळी वाळूतून चालत आमच्याकडे आला. अक्कासमोर उकिडवा बसला. "आये," तो म्हणाला, "माजाबी जीव तुटतो रोज. पन इंजिन बंद केलं तर उद्या मला होडीवर घेनार न्हाईत."

मला वाटलं, अक्का त्याच्या खांद्यावर हात ठेवेल. तिने नाही ठेवला. "मंग बठ्ठा जन बंद करा ना," ती म्हणाली. "कितला जनस्ले काढतीन?"

कितीजणांना काढतील, हा तिचा प्रश्न म्हाताऱ्याला बरोबर कळला. तिने दिलेली अर्धी दशमी त्याने खाल्ली आणि तो गेला. त्याने ते पुढे कधी केलं की नाही, मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी भाचीच्या मुलीने मला फोनवर तिच्या सहलीचा व्हिडिओ दाखवला. "आत्याआजी, बघ किती क्यूट!" तोच प्रकार. होड्या आता मोजता येत नव्हत्या, फायबरच्या, जोराच्या, आणि ओरडणं होतं तसंच. खाली तिने लिहिलं होतं, निसर्गाच्या कुशीत. मी फोन तिच्या हातात परत दिला आणि एवढी संतापले की तिला वाटलं माझा रक्तदाब वाढला. वाढला होताच.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये गाईड सर्वांचे "दोन शब्द" घ्यायला चढला. पुढच्या गटाला तो ते सांगणार होता. कर्णा बाकाबाकावरून फिरत आला. फार छान. अविस्मरणीय. गाईडसाहेब फार विनोदी. मग तो आमच्या बाकाशी थांबला, भाऊंना ओलांडून, अक्काला ओलांडून, पुन्हा माझ्यापुढे. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

मी उभी राहिले. "होडीत मला विचारलं होतं, अक्का काय म्हणते," मी म्हणाले. "ती म्हणाली, हाई काय करी ऱ्हायनात? ती माय शे. तिन्हं पोर शे तठे. तिना मांगे काब्र लागनात? वाट द्या तिले." चौथीनंतर पहिल्यांदा मी घराबाहेर अहिराणी बोलले, आणि तेही कर्ण्यातून. "ज्यांना समजलं नसेल त्यांना परत सांगते. त्या आईच्या आणि पिलाच्या मध्ये तुम्ही होडी घातली. पिलाला दम लागला होता. तुम्ही त्याला वन्स मोअर म्हणालात. आणि हे म्हणतात त्यांना माणसं आवडतात!"

गाईडने कर्णा हिसकावला. "ताई मस्करी करतायत," तो हसून म्हणाला. "एवढं काय त्यात, मासाच तर होता," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणाचे डोळे पाणावले नाहीत. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. गाईड उतरला, बस सुटली, आणि पाच मिनिटांत पुढे गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या.

पण माझी छाती फुगली होती. अठरा वर्षांची मी, सगळ्या बसला सुनावून बसले होते. मला वाटत होतं, फिटलं. घाट लागेपर्यंत मी अक्काच्या बोलण्याची वाट पाहत होते. घाटाच्या पहिल्या वळणावर ती बोलली, अगदी हळू, मी स्वयंपाकघराचं दार लोटल्यावर बोलायची तसं.

"बठ्ठं सांगं तू. बेस सांगं. पन मन्हं पोट नीट व्हतं, ते नही सांगं."

तिचं पोट नीट होतं, एवढंच मी सांगितलं नव्हतं. बसमधल्या प्रत्येकाचा खोटेपणा मी कर्ण्यातून सांगितला होता, एक सोडून. पुढे उठून ते सांगता आलं असतं, कर्णा नसला तरी. बस सगळी तीच होती, माणसं तीच होती. मी उठले नाही. नंतर मी पुष्कळ वर्षं धुळ्याला मास्तरकी केली. "शे" म्हणणाऱ्या एकाही मुलाला कधी उभं केलं नाही, बोलीवर भाषणंही दिली, आणि प्रत्येक भाषणात होडीची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत गाईड मला विचारायचा, आणि मी ठणकावून खरं सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे. अक्का असेपर्यंत आणि ती गेल्यावरही मी ती गोष्ट तशीच सांगत आले.

ती गोष्ट खोटी आहे. त्या दिवशी माझ्या अक्काला मळमळत नव्हतं. ती अगदी धडधाकट होती, आणि सात होड्यांवरच्या सगळ्या माणसांत खरं बोलणारी ती एकटी होती. मळमळतंय असं मी म्हणाले.